मुख्यमंत्री महोदय, ती दुसरी यादी काढा

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई



मी चंदगड तालुक्यातला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. बेळगाव म्हैसूर राज्याला गेलं, चंदगड तेवढं बाजूला काढून मुंबई राज्यात ठेवलं, म्हणून आम्ही आज कोल्हापूर जिल्ह्यात. बाजार बेळगावचा, मोठा दवाखाना बेळगावचा, सोयरीक खानापुरात नाहीतर बेळगाव तालुक्यात. घरात कार्य निघालं की निम्म्या पत्रिका हद्दीपलीकडे वाटायच्या असतात. हे एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं वाचून मला कुणी ‘पुण्यामुंबईत बसून शहाणपण शिकवणारा’ म्हणू नये. बेळगाव, निपाणी, खानापूर महाराष्ट्रात यावं असं मलाही वाटतं आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला आपला दावा चालावा, जिंकावा, असंही वाटतं.

तक्रार एका शब्दाबद्दल आहे. ‘कर्नाटकव्याप्त महाराष्ट्र.’

17 जानेवारी 2021 ला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनी, मुख्यमंत्री कार्यालयाच्या अधिकृत खात्यावरून ‘कर्नाटकव्याप्त’ भाग महाराष्ट्रात आणण्याचा निर्धार जाहीर झाला. डिसेंबर 2022 च्या नागपूर अधिवेशनात माजी मुख्यमंत्र्यांनी हाच शब्द वापरून तो भाग केंद्रशासित करण्याची मागणी केली. त्याच अधिवेशनात, 27 डिसेंबरला, 865 गावांची इंच न इंच जमीन मिळवण्याचा ठराव एकमताने झाला, त्यावर सगळ्या पक्षांची सही आहे असं म्हणायला हरकत नाही. शब्द कुणी आणला हा वाद आता उकरण्यात अर्थ नाही. तो सभांमध्ये, फलकांवर, अग्रलेखांत रुळला आहे आणि ज्या खुर्चीवरून तो उच्चारला गेला ती आज तुमची आहे. म्हणून पत्र तुम्हाला.

‘व्याप्त’ आपण काश्मीरवरून उचललं. पाकव्याप्त काश्मीर म्हणताना तो शब्द नेमका आहे. तिथे 1947 मध्ये टोळीवाले घुसले, मागून सैन्य आलं आणि ते आजही आहे. बेळगावात कुठलं सैन्य बसलंय? आहे ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. आणि योगायोग बघा, सीमाप्रश्नावर ज्यांच्या अहवालाला आपण 50 वर्षं शिव्या घालतो ते न्यायमूर्ती मेहरचंद महाजन 1947 साली, विलीनीकरणाच्या वेळी, काश्मीरचे पंतप्रधान होते. ‘व्याप्त’ म्हणजे काय, हे त्या माणसाने डोळ्यांनी बघितलेलं होतं.

शब्दाने काय बिघडतं, असं तुमचे सल्लागार विचारतील. भावना पोचल्याशी कारण, म्हणतील. त्यांच्यासाठी एका दुसऱ्या देशाची गोष्ट सांगतो, जिथे असाच एक शब्द जन्मला आणि पुढे जगभरच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत गेला.

इटलीचं आणि मराठी माणसाचं नातं जुनं आहे. सावरकरांचं ‘जोसेफ मॅझिनी’ 1907 साली पुण्यात छापून आलं, पुढे सरकारने ते जप्त केलं आणि दोन पिढ्यांनी ते चोरून वाचलं. मॅझिनी, गॅरिबाल्डी ही नावं आपल्याकडे कीर्तनातसुद्धा येऊन गेली असतील. पण आपला इटली तिथेच संपतो. देश एक झाला, राजधानी रोमला गेली, 1872 मध्ये मॅझिनी वारला. त्यानंतर त्याच्या अनुयायांनी काय केलं, ते मराठीत फारसं कुणी वाचलं नाही.

1866 च्या युद्धात व्हेनिस इटलीला मिळालं, पण ट्रेंटो आणि ट्रिएस्टे ही इटालियन बोलणारी शहरं ऑस्ट्रियाकडेच राहिली. 1877 साली मात्तेओ रेनातो इम्ब्रियानी नावाच्या नेपल्सच्या एका लढवय्या पुढाऱ्याने आपल्या वडिलांच्या अंत्यविधीत शपथ घेतली ती या ‘तेर्रे इर्रेदेन्ते’ची, म्हणजे अजून न सोडवलेल्या भूमीची. गहाण पडलेला दागिना सोडवावा, तशी सोडवायची राहून गेलेली जमीन. व्हिएन्नाच्या एका पत्रकाराने चिडवण्यासाठी त्याला ‘इर्रेदेंतिस्ता’ म्हटलं आणि इम्ब्रियानीच्या लोकांनी ती शिवी बिरुदासारखी छातीवर लावली. पुढे कुठलाही देश ‘आमचा तुकडा तुमच्याकडे राहिलाय’ म्हणून उठला, की त्याला इंग्रजी, फ्रेंच, जर्मन सगळ्या भाषांत याच शब्दाने ओळखू लागले. पहिल्या महायुद्धानंतर दोन तृतीयांश मुलूख गमावलेल्या हंगेरीने तर बुडापेस्टच्या चौकात चार दिशांच्या हरवलेल्या प्रांतांचे पुतळे बसवले, त्यांनाही लोक इर्रेदेन्ता पुतळेच म्हणत.

दागिना गहाण असतो तेव्हा तो काही बोलत नाही. ट्रिएस्टेत मात्र माणसं राहत होती, आणि सगळी इटालियन नव्हती.

ट्रिएस्टे हे ऑस्ट्रियन साम्राज्याचं बंदर, व्हिएन्नाचा समुद्राकडचा दरवाजा. 1910 च्या जनगणनेत शहराची वस्ती 2 लाख 30 हजारांच्या आसपास होती. मोजणी नगरपालिकेकडे होती आणि नगरपालिका इटालियन राष्ट्रवाद्यांकडे. प्रश्न मातृभाषेचा नव्हता, रोजच्या व्यवहाराच्या भाषेचा होता. इटालियन घरात धुणीभांडी करणारी स्लोव्हीन बाई मालकिणीशी इटालियन बोलते ना, मग लिहा इटालियन. बोभाटा झाल्यावर व्हिएन्नाने फेरमोजणी केली, तेव्हा स्लोव्हीनांचा आकडा कित्येक हजारांनी वाढून 57 हजारांच्या घरात गेला. दर चार माणसांत एक. स्लोव्हीनांचं मुख्य शहर ल्युब्लियाना, पण तिथल्यापेक्षा जास्त स्लोव्हीन ट्रिएस्टेत होते. सीमाभागातली भाषिक जनगणना कशी होते, हे आम्हाला कुणी सांगायला नको. ही ट्रिएस्टेची मोजणी वाचताना मला हसूच आलं.

या चळवळीचा पहिला हुतात्मा गुलिएल्मो ओबेर्दान. बादशहा फ्रान्झ जोसेफला मारण्याच्या कटाबद्दल 20 डिसेंबर 1882 ला त्याला ट्रिएस्टेत फाशी दिलं. जन्माचं नाव विल्हेल्म ओबेरडांक. आई स्लोव्हीन. शेवटचा ‘क’ त्याने स्वतः कापून टाकला, म्हणजे आडनाव इटालियन दिसेल. ज्या शहरात हुतात्म्याची आईच दुसऱ्या भाषेची, ते शहर ‘आमचं’ की ‘त्यांचं’, याचा निवाडा फाशीच्या दोराने कसा होणार?

त्या वेळचं इटलीचं सरकार मात्र हुशार होतं. त्याच वर्षी, 1882 च्या मे महिन्यात, त्याने ऑस्ट्रिया आणि जर्मनीशी तहाची मैत्री केली होती, त्यामुळे सोडवायची भूमी फायलीत गेली आणि 30 वर्षं भाषणांतच राहिली. निवडणुकीत काढायची, तहाच्या वेळी झाकायची. हा भाग तुम्हाला ओळखीचा वाटला तर मी जबाबदार नाही.

मग 1915 आलं. एप्रिलात लंडनमध्ये गुप्त करार झाला. दोस्तराष्ट्रं म्हणाली, युद्धात आमच्या बाजूने उतरा, ट्रेंटो-ट्रिएस्टे तुमचं. आणि इथे ती जागा आहे जिच्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतोय. मूळ मागणी काय होती? जिथे इटालियन बोलतात तो भाग. करारात काय आलं? थेट ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख, म्हणजे ट्रेंटोच्या उत्तरेचा दक्षिण टायरोल, जिथे दोन लाखांवर लोक जर्मन बोलत होते आणि इटालियन बोलणारे मूठभर. शिवाय डाल्मेशियाच्या किनाऱ्याचा मोठा तुकडा, जिथे बहुसंख्य लोक क्रोएशियन. मागणी भाषेच्या नावाने सुरू झाली आणि हळूच डोंगराच्या नावावर गेली. खिंड संरक्षणाला बरी पडते, पाणी इकडे वाहतं, रोमन काळी आमचंच होतं. कारणं बदलत गेली, बोट नकाशावर पुढे सरकत गेलं.

इझोंत्सो नदीवर इटलीने ऑस्ट्रियाशी बारा लढाया केल्या. सबंध युद्धात सहा लाखांच्या घरात इटालियन सैनिक मेले. 3 नोव्हेंबर 1918 ला इटालियन सैन्य ट्रिएस्टेच्या धक्क्यावर उतरलं, घंटा वाजल्या, भूमी सुटली. आणि बंदर बसलं. कारण ज्या व्हिएन्नाचा माल तिथून जायचा तिचं साम्राज्यच नकाशावरून उठलं होतं. व्यापाऱ्याच्या वहीत राष्ट्रभक्तीला रकाना नसतो.

समाधान तरी झालं का? तेही नाही. कवी गाब्रिएले दानुन्झियो ‘विद्रूप केलेला विजय’ म्हणू लागला, कारण फ्यूमे शहर मिळालं नव्हतं. सप्टेंबर 1919 मध्ये त्याने बंडखोर सैनिक घेऊन ते बळकावलं आणि वर्षभराहून जास्त ठेवलं. सज्जातून भाषण, खालून जमावाचा प्रतिसाद, काळे सदरे, उंचावलेला हात, हे सगळं नेपथ्य मुसोलिनीने तिथूनच उचललं. मागणारा एकदा इंचांत मोजू लागला, की त्याला पुरेसं असं काही मिळतच नाही.

13 जुलै 1920 ला ट्रिएस्टेतल्या स्लोव्हीनांच्या ‘नारोदनी दोम’ला, म्हणजे लोकगृहाला, फॅसिस्टांनी आग लावली. आत नाट्यगृह होतं, पतपेढी होती, वाचनालय होतं, हॉटेल होतं. आपल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला आणि मराठी संस्थांना एकाच इमारतीत घाला, म्हणजे काय जळलं ते कळेल. बघणाऱ्यांत बोरिस पाहोर नावाचा सहा-सात वर्षांचा मुलगा होता. तो पुढे मोठा स्लोव्हीन लेखक झाला, नाझी छळछावण्यांतून जगला आणि 108 वर्षांचा होऊन 2022 मध्ये वारला. आयुष्यभर त्याने त्या आगीबद्दल लिहिलं. 1923 च्या शिक्षण कायद्याने स्लोव्हीन आणि क्रोएशियन शाळा एकेक इयत्ता करत बंद झाल्या. मग आडनावं आली. व्होदोपिवेत्स म्हणजे पाणी पिणारा, त्याचा झाला बेव्हिलाक्वा. दक्षिण टायरोलमध्ये जर्मन शाळांवर बंदी, गावांची नावं इटालियन, थडग्यांवरची अक्षरंसुद्धा बदला. आईबाप मुलांना तळघरात, माळ्यावर लपून जर्मन शिकवू लागले.

1941 मध्ये इटलीने ल्युब्लियानाच गिळलं. त्याचा सूड 1943 ते 45 मध्ये निघाला. युगोस्लाव्ह पार्टिझनांनी हजारो इटालियनांना मारलं, अनेकांना तिथल्या चुनखडीच्या खोल विवरांत टाकलं. मारलेल्यांत फॅसिस्ट होते आणि नुसते कारकून, शिक्षक, पोस्टमनही होते. नंतर इस्त्रिया, फ्यूमे, डाल्मेशियातून इटालियन लोक निघाले. अभ्यासकांचे अंदाज 2 लाखांपासून साडेतीन लाखांपर्यंत जातात. 1947 मध्ये पोला शहर ‘तोस्काना’ बोटीतून जवळजवळ रिकामं झालं. लोकांनी खुर्च्या नेल्या, पलंग नेले, आणि नाझारियो साउरोची शवपेटीही नेली. हा साउरो 1916 मध्ये तिथेच फासावर गेला होता, ही भूमी सोडवण्यासाठी.

कुणी म्हणेल, कुठे ती महायुद्धं आणि कुठे आमचं खानापूर. खरंच आहे. दोन्हीकडे एकच राज्यघटना आहे, एकच सर्वोच्च न्यायालय आहे, आणि चंदगडहून बेळगावला जायला पासपोर्ट लागत नाही. फेब्रुवारी 1969 मध्ये मुंबईत याच प्रश्नावर पन्नासच्या वर माणसं गेली, जून 1986 मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात सीमाभागात गोळीबार झाला, हे धरूनही तुलना तिथवर नेणं बरोबर नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. आपली मागणी मुळात इर्रेदेंतिस्ता पद्धतीची नव्हती. तीच तिची ताकद होती. आणि ती ताकद आपण एका शब्दाच्या हौसेपायी घालवतोय.

आपली मूळ मागणी चार तत्त्वांवर उभी आहे: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुमत आणि लोकांची इच्छा. आंध्र आणि मद्रासची सरहद्द ठरवताना हीच कसोटी वापरली गेली आणि ती वापरणारे हरि विनायक पाटसकर आपलेच. या कसोटीत शिवाजी महाराजांच्या वेळी काय होतं, पेशवाईत काय होतं, किल्ला कुणाचा, खिंड कुणाची, हे येतच नाही. आज त्या खेड्यात लोक काय बोलतात आणि त्यांना कुठे राहायचंय, एवढंच येतं. ‘आमचा मुलूख तुम्ही धरून ठेवलाय’ असं ही कसोटी म्हणत नाही. ‘रेषा ओढताना हिशेब चुकला, तपासून घ्या’ म्हणते.

आणि हिशेब तपासायचा म्हटला की तो दोन्ही बाजूंनी तपासावा लागतो. 1960 साली दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी दोघांची समिती बसली. त्या वेळी महाराष्ट्राने 814 गावं आणि बेळगाव, कारवार, निपाणी ही शहरं मागितली, हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. पण त्याच वेळी महाराष्ट्राने आपल्याकडची सुमारे 260 कन्नड गावं कर्नाटकाला द्यायची तयारी दाखवली होती. मागायची एक यादी आणि द्यायची एक यादी. हे किती जणांना माहीत आहे? ट्रिएस्टेच्या कैवाऱ्यांकडे दुसरी यादी कधीच नव्हती. इम्ब्रियानीने कुठला स्लोव्हीन पाडा सोडायची तयारी दाखवली होती? ज्याच्याकडे द्यायची यादी असते त्याचा दावा न्यायाचा राहतो, आणि ज्याच्याकडे फक्त घ्यायची असते त्याचा नुसता हव्यास. 2022 च्या ठरावात इंच न इंच आहे. द्यायच्या यादीचा त्यात मागमूस नाही.

महाजन आयोगाबद्दलही दोन शब्द, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. आयोग आपणच मागून घेतला. सेनापती बापटांनी त्यासाठी उपोषण केलं. 1967 च्या अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावं महाराष्ट्राला दिली, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरसह 247 गावं कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. बेळगावचा निर्णय खेडं-बहुमताची कसोटी सोडून दिला होता, बॅरिस्टर अंतुल्यांनी पुस्तक लिहून त्या अहवालाची चिरफाड केली ती उगीच नव्हती. आपण अहवाल नाकारला आणि कर्नाटकाने तो उचलून धरला. नाकारण्याला कारण होतं. तरीही खानापुरात दिलेल्या माझ्या आत्याकडे गेलो की मनात येतं, अहवाल लागू झाला असता तर ही बाई गेली पन्नासहून जास्त वर्षं महाराष्ट्रात असती. बेळगावासाठी खानापूर थांबलं. ते थांबणं कुणी थांबलेल्यांना विचारून ठरवलं नव्हतं.

आत्याचं वय आता ऐंशीच्या पुढे. मागच्या पावसाळ्यात गेलो तर तिने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीतले कागद काढले. जमिनीची पहाणी, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, अख्खी कन्नडमध्ये. वाटणीबद्दलची एक नोटीस, तीही कन्नडमध्ये. “वाचून दाखव की रे, काय लिवलंय ते,” म्हणाली. मला येत नाही. तिच्या नातवाला वाचता येतं, पण तो बंगळुरात नोकरीला. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एका लिंगायत मास्तरांनी वाचून मराठीत समजावलं, चहासुद्धा घेतला नाही. उत्तर द्यायची मुदत चार दिवसांपूर्वी गेली होती. तालुक्याच्या कचेरीत मराठीत अर्ज दिला तर बाबूने ‘कन्नडात आणा’ म्हणून परत केला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, कंटाळा होता. आत्याच्या दृष्टीने सीमाप्रश्न एवढाच आहे आणि तो पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला पुरेसा मोठा आहे.

यावर इलाज घटनेत लिहून ठेवलाय. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं कलम 350-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, म्हणजे आयुक्त, नेमायला सांगतं. त्या आयुक्ताचं एक विभागीय कार्यालय खुद्द बेळगावात होतं. संरक्षणाच्या ठरलेल्या योजनेनुसार जिथे अल्पसंख्याक भाषेचे लोक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या असतात. खानापूर तालुक्यात मराठी माणसं 15 टक्के आहेत का, हे विचारायलाही नको. पण हा हक्क मागताना आपणच गोत्यात येतो. ‘व्याप्त’ भागातला माणूस व्यापणाऱ्याकडे अर्ज कसा करणार? आपण त्याच्या मुलखाला व्याप्त म्हटलं की बेळगावच्या कचेरीत तो नागरिक न राहता संशयित होतो. मराठीत नोटीस द्या म्हटलं की समोरचा म्हणतो, आज नोटीस, उद्या जिल्हा. कन्नड संघटनांना एवढंच हवं असतं. आपला शब्द ते त्यांच्या फलकावर आपल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत लावतात. आणि शिक्षा मुंबईत भाषण करणाऱ्याला होत नाही.

दक्षिण टायरोलचं पुढे काय झालं, ते म्हणूनच बघण्यासारखं आहे. 1946 मध्ये इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रूबर यांनी पॅरिसमध्ये करार केला. दे गास्पेरी मूळचे ट्रेंटो भागातले, तरुणपणी व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेलेले. दुसऱ्याच्या राज्यात आपल्या भाषेने राहणं म्हणजे काय, हे त्यांनी भोगलं होतं. तरी करार कागदावरच राहिला. साठच्या दशकात विजेचे मनोरे उडवले गेले, माणसं मेली, ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. अखेर 1972 चा स्वायत्ततेचा कायदा आला आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं जाहीर केलं. आज तिथे शाळा जर्मन, कोर्टात जर्मन, पाट्या दोन्ही भाषांत, सरकारी नोकऱ्या भाषेच्या प्रमाणात. सीमारेषा आहे तिथेच आहे, ब्रेनर खिंडीत. ती हलवायची घाई कुणाला उरलेली नाही. या व्यवस्थेतही कुरबुरी आहेत, माणसाला आधी आपला भाषागट जाहीर करावा लागतो, दोन भाषांच्या घरातल्या पोरांची पंचाईत होते. पण आत्याची नोटीस तिथे जर्मनमध्येच आली असती.

आता आपल्या अंगणाकडे या. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आपल्या जत तालुक्यातल्या 40 गावांवर हक्क सांगितला तेव्हा आपल्याकडे केवढा संताप झाला. त्या गावांनी 2012 मध्ये कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, तो कन्नडच्या प्रेमाने नव्हे, पाण्यासाठी. कृष्णेचं पाणी पोचत नव्हतं. बोम्मईंच्या वक्तव्यानंतर म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेची फाईल एकदम धावायला लागली. चांगलंच झालं. पण त्या गावांनी काय धडा घेतला असेल? जतमध्ये, अक्कलकोटात, दक्षिण सोलापुरात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत, बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पुस्तकं छापते, ही आपली शोभा आहे. त्याच शाळांत कन्नड न येणारे शिक्षक नेमल्याचा बोभाटा झाला, ती आपली अब्रू गेली. बंगळुरूने कन्नड पाट्यांची सक्ती वाढवली की आपण ओरडतो आणि दुकानावर मराठी पाटी नसली की आपणही दंड करतो. जतमधल्या उमदीच्या कन्नड शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कागद मिळाला, तर खानापूरच्या आत्यासाठी मागायला आपलं तोंड मोठं होईल. तो कागद द्यायला सर्वोच्च न्यायालयाची तारीख लागत नाही, कर्नाटकाची संमती लागत नाही, तुमची एक सही लागते.

तेव्हा माझी मागणी अशी. शासनाच्या पत्रकांत, जाहिरातींत, अधिकृत खात्यांवर ‘कर्नाटकव्याप्त’ लिहू नये, असं सामान्य प्रशासन विभागाने एका ओळीच्या परिपत्रकाने कळवावं. ‘सीमाभाग’ हा आपला जुना शब्द आहे, त्यात काही कमी नाही. सीमाभागातल्या मराठी लोकांना तिथल्या तिथे, आज, मराठीत कागदपत्रं मिळावीत म्हणून महाराष्ट्राने भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पद्धतशीर पाठपुरावा करावा, न्यायालयातला दावा मागे न घेता. त्याने दावा कमजोर होतो असं सांगणारे वकील भेटतील. त्यांना एकदा खानापुरात मुक्कामाला पाठवा.

आणि ती 260 गावांची यादी. मंत्रालयात महसूल खात्याच्या नाहीतर सीमा कक्षाच्या कुठल्यातरी कपाटात ती असणारच. मंत्रालयाला लागलेल्या आगीतून वाचली असेल तर काढा आणि पुढच्या अधिवेशनात 865 च्या यादीशेजारी सभागृहाच्या पटलावर ठेवा. 65 वर्षांत गावं बदलली असतील, काही आता महाराष्ट्रातच राहू म्हणतील, काही जाऊ म्हणतील. त्यांना विचारा. विरोधक गोंधळ घालतील, तुमच्याच बाकांवरूनही ‘एक इंचही देणार नाही’ अशी आरोळी येईल. तेव्हा आरोळी देणाऱ्यालाच विचारा, की मग खेडं हा घटक आणि लोकेच्छा ही कसोटी आपण सर्वोच्च न्यायालयात कुठल्या तोंडाने मांडायची?

कळावे.

आपला,
चंदगड तालुक्यातील एक मतदार